विमान पडल्यावर चौकशी नेमकी कोण करतं? एएआयबीच्या आधीची आणि नंतरची गोष्ट

अहमदाबादच्या अपघातानंतर एएआयबी (एअरक्राफ्ट ॲक्सिडेंट इन्व्हेस्टिगेशन ब्युरो, म्हणजे विमान अपघातांची चौकशी करणारं सरकारी ऑफिस) हे नाव टीव्हीवर इतक्यांदा ऐकू आलं की आता सगळ्यांना पाठ झालंय, पण १२ जून २०२५ च्या आधी किती जणांना माहीत होतं की असं एक ऑफिस दिल्लीत आहे आणि त्याला डायरेक्टर जनरल असतो? त्या दिवशी २६० माणसं गेली, आणि नंतर या डीजींना, म्हणजे जीव्हीजी युगंधर यांना, सीआरपीएफची एक्स दर्जाची सिक्युरिटी द्यावी लागली. ही खुर्ची एवढी गरम कशी झाली हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आपल्याकडचा मूळ कायदा इंग्रजांच्या काळातला, १९३४ चा होता, आणि त्याखालचे नियम १९३७ चे. लहानसहान अपघात डीजीसीएचे, म्हणजे विमान वाहतुकीवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचे, अधिकारीच बघायचे आणि मोठा अपघात झाला की सरकार कोर्ट ऑफ इन्क्वायरी नेमायचं, बहुतेक वेळा हायकोर्टाचे न्यायाधीश आणि सोबत टेक्निकल माणसं. १९८५ ला एअर इंडियाचं कनिष्क विमान बॉम्बस्फोटात पडलं तेव्हा न्या. किरपाल होते, १९९६ ला चरखी दादरीवर दोन विमानं हवेत धडकून ३४९ माणसं गेली तेव्हा न्या. लाहोटी. आणि ही पद्धत अगदीच वाया गेली असं नाही हां, चरखी दादरीनंतरच तर आपल्या हद्दीत उडणाऱ्या विमानांना टक्कर टाळणारी यंत्रणा सक्तीची झाली.

पण खरी गोची डीजीसीएची होती. पायलटला लायसन्स देणार तेच, विमानाला सर्टिफिकेट देणार तेच, एअरलाइनवर लक्ष ठेवणार तेच आणि विमान पडलं की चूक शोधणारही तेच! स्वतःचा पेपर स्वतःच तपासण्यासारखं झालं ना हे. ब्रिटनमध्ये १९१५ पासूनच त्यासाठी वेगळा अधिकारी होता, अमेरिकेत अपघात तपासणारं एनटीएसबी १९६७ ला निघालं आणि १९७० च्या दशकात वाहतूक खात्यातून पूर्ण बाहेर पडलं. इकाओ या यूएनच्या विमान वाहतूक संघटनेचं ॲनेक्स १३, म्हणजे अपघात तपासाचे आंतरराष्ट्रीय नियम, तर १९५१ चं, त्यात साफ लिहिलंय की तपासाचा उद्देश पुढचा अपघात टाळणं, कुणाला दोषी ठरवणं नाही.

मग २२ मे २०१० ला मंगळूर झालं, १५८ मृत्यू. त्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीवर न्यायाधीश नव्हते, हवाई दलाचे माजी उपप्रमुख, आपल्या पुण्याचे एअर मार्शल भूषण गोखले होते. कॅप्टन बराच वेळ झोपलेला होता, रेकॉर्डरवर घोरणं ऐकू येतं आणि को-पायलटने लँडिंग सोडून वर घ्यायला सांगूनही विमान खाली उतरवलं गेलं, हे सगळं त्या रिपोर्टमुळे बाहेर आलं.

दोन वर्षांनी, जुलै २०१२ मध्ये, नवीन नियम आले आणि एएआयबी उभं राहिलं. आता सव्वादोन टनांवरच्या किंवा जेट विमानांचे अपघात आणि गंभीर घटना त्यांच्याकडे. मोठी परीक्षा ऑगस्ट २०२० ला, कोझिकोडला. २१ जण गेले, त्यात नागपूरचे कॅप्टन दीपक साठेही. तेव्हा डीजी अरविंदो हांडा होते, न्यायाधीश वगैरे न नेमता ब्युरोनेच टीम बनवली आणि साधारण वर्षभरात रिपोर्ट दिला.

तरी एक गोष्ट तशीच राहिली जी मला सगळ्यात जास्त खटकते, एएआयबी आजही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखालीच आहे, डीजीसीएसुद्धा त्याच मंत्रालयाखाली. म्हणजे डीजीला उद्या मंत्रालयाच्याच धोरणावर बोट ठेवायचं झालं तर? सुविधा सुधारल्या हे मान्य, दिल्लीतली ब्लॅक बॉक्स लॅब एप्रिल २०२५ ला सुरू झाली आणि दोनच महिन्यांत अहमदाबादचा डेटा तिथे काढावा लागला.

प्राथमिक रिपोर्ट महिन्याभरात आला. त्यात कॉकपिटमधलं संभाषण एवढंच, की एकाने विचारलं फ्युएल का बंद केलं, दुसरा म्हणाला मी नाही केलं. कोण कोणाला म्हणालं ते नाही, पूर्ण ट्रान्सक्रिप्ट नाही. मग काय, परदेशी पेपरांपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळ्यांनी आपापला निकाल लावून टाकला. शेवटी त्या विमानाचे कॅप्टन, पवईला राहणारे सुमीत सभरवाल, यांचे वडील आणि पायलटांची संघटना सुप्रीम कोर्टात गेले, आणि मागणी काय तर चौकशी निवृत्त न्यायाधीशांच्या हाताखाली करा. म्हणजे ज्या पद्धतीतून बाहेर पडायला हे ऑफिस काढलं, लोक तीच परत मागायला लागले, आणि ब्युरो मंत्रालयाच्या बाहेर काढल्याशिवाय हे थांबेल असं मला तरी वाटत नाही.