खांदा बसवण्याची पद्धत: टाचेपासून बोटांपर्यंत

निखळलेला खांदा बसवताना खरी झटापट असते ती स्नायूंशी. दंडाच्या हाडाचा गोल माथा उथळ खोबणीतून सटकतो, बहुतेक वेळा पुढच्या बाजूला. दुखण्याने भोवतालचे स्नायू आवळतात आणि त्याला तिथेच धरून ठेवतात. जितके ओढावे, तितके ते घट्ट होतात.

तरीही दोन हजार वर्षांहून अधिक काळ भर ओढण्यावरच राहिला. प्राचीन ग्रीक वैद्य हिप्पोक्रॅटिसच्या नावाने ओळखली जाणारी रीत अशी: रुग्णाला आडवे करायचे, त्याच्या काखेत टाच रोवायची आणि दोन्ही हातांनी हात खेचायचा. खांदा बसे, यात शंका नाही. पण मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या त्याच काखेतून जातात. १८४६ नंतर ईथरची भूल आली आणि स्नायू सैल करण्याची सोय झाली.

स्वित्झर्लंडमधील बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर (पुढे १९०९ मध्ये थायरॉइडवरील कामासाठी नोबेल मिळवणारे) यांनी १८७० मध्ये वेगळा मार्ग मांडला. कोपर काटकोनात वाकवून अंगालगत ठेवायचे, हात हळूहळू बाहेर वळवायचा, कोपर पुढे उचलायचे, मग हात आत वळवायचा. मूळ वर्णनात ओढणे नव्हतेच. ते पुढच्यांनी घुसडले. दंडाचे हाड मोडल्याच्या तक्रारी आल्या आणि बोल मात्र कोखर यांना लागला.

१९०० मध्ये न्यूयॉर्कचे लुईस स्टिमसन यांनी काम वजनावर सोपवले. भोक पाडलेल्या कापडी खाटेतून हात खाली सोडायचा, त्याला दहा पौंडांचे वजन बांधायचे आणि वाट पाहायची. स्नायू थकले की हाड आपोआप जागेवर येते. मला तरी सगळ्या कहाणीतली सर्वांत हुशार कल्पना हीच वाटते. १९३८ मध्ये हेन्री मिल्च यांनी हात सावकाश डोक्यापर्यंत नेऊन अंगठ्याने माथा हलकेच ढकलण्याची पद्धत मांडली. १९७९ मध्ये तर विचारच उलटा झाला: माथ्याऐवजी पाठीवरचे फऱ्याचे हाड फिरवून खोबणीच माथ्याकडे आणायची.

ऑस्ट्रेलियातील नील कनिंगहॅम यांनी २००३ मध्ये मांडलेल्या पद्धतीत रुग्ण ताठ बसतो. डॉक्टर त्याच्यासमोर बसून मान, खांदा आणि दंडाचे स्नायू बोटांनी चोळतात आणि छाती पुढे काढून खांदे मागे घ्यायला सांगतात. कित्येकदा खट् असा आवाजही होत नाही. चपटा पडलेला खांदा पुन्हा गोल दिसू लागतो, त्यावरूनच तो बसल्याचे कळते.