सबुरी आणि चालढकल: ‘दिवाळीनंतर बघू’चे दोन अर्थ

पुण्यात निर्णय पुढे ढकलायचा असेल तर निमित्त शोधावं लागत नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरात ते छापलेलंच असतं. ज्येष्ठात ‘पालखी पुढे जाऊ दे’, भाद्रपदात ‘गणपती होऊ देत’, पितृपंधरवड्यात नवं काही नको, मग ‘दिवाळीनंतर बघू’. आणि दिवाळीचा फराळ संपतो न संपतो तोच मार्चएंड दिसायला लागतो.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान वर्कशॉपचे हिशेब बघणं हे माझं काम. बाजार डळमळला की मालकांच्या तोंडी हे वाक्य हमखास येतं. पण एकाच्या तोंडी ती सबुरी असते, दुसऱ्याच्या तोंडी चालढकल. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं: ऑर्डर दिलेली नाही, भरती थांबलीय, साहेब विचार करतायत. (‘श्रद्धा-सबुरी’ रिक्षामागे इतक्यांदा वाचलंय, की सबुरी म्हणजे नुसतं बसून राहणं असाच आपला समज झालाय.)

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतातून येणाऱ्या बऱ्याच मालावरचं आयातशुल्क ५० टक्क्यांवर नेलं. त्या आठवड्यात एकाच गल्लीतल्या दोघांनी नवं व्हीएमसी मशीन (धातूचे सुटे भाग कोरणारं, संगणकावर चालणारं) घेणं थांबवलं. दोघांचाही माल थेट अमेरिकेला जात नाही, ज्यांना ते सुटे भाग पुरवतात त्यांचा जातो. पहिल्याच्या केबिनमध्ये पांढरा फळा होता. त्यावर निळ्या मार्करने, ग्राहकाच्या शेड्यूलवर, म्हणजे त्याने मागितलेल्या नगांवर बेतून लिहिलेलं: ‘३० सप्टें. शेड्यूल ८०० नगांच्या वर राहिलं तर मशीन. ६०० च्या खाली आलं तर दुसरी शिफ्ट बंद, माणसं टूलरूमला. मधे असेल तर जुन्या मशीनचं स्पिंडल (फिरता दांडा) दुरुस्त करून घ्यायचं.’ शेजारी मशीनचं कोटेशन मॅग्नेटने अडकवलेलं, त्याची मुदत संपायच्या तारखेभोवती लाल गोल. दुसऱ्याच्या टेबलावरही तेच कोटेशन होतं. त्यावरचा गोल चहाच्या कपाचा होता.

“काय ठरलं शेठ?”

“बघू. सध्या वातावरण बरोबर नाही.”

पहिला कशाची वाट बघतोय, कुठवर बघणार आहे आणि आकडा आला की काय करणार, हे फळा वाचून त्याचा सुपरवायझरसुद्धा सांगेल. दुसऱ्याकडे नुसतं वातावरण आहे. ते साफ झालं हे कोणी आणि कशावरून ठरवायचं?

याचा धडा पुणेकरांना दर पावसाळ्यात फुकट मिळतो. टेमघर, वरसगाव, पानशेत यांचं पाणी खडकवासल्यात येतं. चारही धरणं मिळून सुमारे २९ टीएमसीची (अब्ज घनफुटांची), पण त्यातलं खडकवासला जेमतेम दोन टीएमसीचं. उद्या घाटात किती कोसळेल हे तिथल्या अभियंत्यालाही नक्की माहीत नसतं. तरी तो आभाळ बघत बसत नाही. पातळी बघतो, वरून किती येतंय ते बघतो आणि विसर्ग टप्प्याटप्प्याने वाढवतो. भिडे पूल कधी पाण्याखाली जाणार याची आपण गप्पांत पैज लावतो, त्याचं तिकडे गणित चाललेलं असतं. २५ जुलै २०२४ च्या पहाटे सिंहगड रस्त्याजवळच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हाचा वादसुद्धा विसर्ग कधी वाढवला आणि लोकांना कधी कळवलं यावरच होता.

वाट बघताना हात काय करतायत, हा दुसरा फरक. २०२० मध्ये चाचण्यांचे निकाल हाती यायच्या आधीच सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड बनवायला घेतली. निकाल उलटा लागला असता तर सगळा माल फेकून द्यावा लागला असता. ३ जानेवारी २०२१ ला आपत्कालीन वापराची परवानगी जाहीर झाली तेव्हा चार-पाच कोटी डोस तयार होते आणि १६ तारखेला लसीकरण सुरू झालं. बाटल्या भरल्या, पण परवानगीआधी वाटल्या नाहीत. एवढा जुगार वर्कशॉपवाल्याला परवडत नाही, मान्य. पण दोन ऑपरेटरना नवं प्रोग्रॅमिंग शिकवायला, अडकलेली उधारी वसूल करायला, एखादा नवा ग्राहक गाठून सॅम्पल द्यायला कुठल्या परवानगीची गरज असते?

माझी स्वतःची फसगत तिसऱ्या ठिकाणी झाली. एप्रिल २०२०, लॉकडाउन. एका मालकाला मी म्हटलं, पगाराचं नक्की होईपर्यंत माणसांना काही कळवू नका, उगाच घबराट नको. मला ती सबुरी वाटली होती. तीन आठवडे कंपनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सामसूम, आणि माणसांनी त्या सामसुमीचा आपापला अर्थ लावला. जूनमध्ये शटर वर गेलं तेव्हा दोन जुने सेटर (कामाआधी मशीन लावून देणारे कारागीर) गावाहून आलेच नाहीत. एकाने तिकडे पिठाची गिरणी टाकली होती. फोनवर तो शांतपणे म्हणाला, “साहेब, तुमचा काही निरोपच नव्हता.” खरं तर ‘नक्की माहीत नाही, सोमवारी पुन्हा फोन करतो’ एवढं सांगायला काहीच नक्की व्हावं लागत नव्हतं.

चालढकल कधीकधी फार कामसूही दिसते. आणखी एक रिपोर्ट, आणखी एक सल्लागार, पुढच्या गुरुवारी पुन्हा मीटिंग. सल्लागारांत मीही आलोच, म्हणून हे जरा दबक्या आवाजात सांगतोय. उलट, चालढकलीचा शिक्का नको म्हणून घाईने मशीन उचलणारेही असतात. त्यांचे हप्ते मला दर महिन्याला दिसतात.

परवा त्या दुसऱ्या शेठकडे गेलो तर भिंतीवर कोरा फळा लागला होता, वरचं प्लॅस्टिकसुद्धा पुरतं निघालेलं नव्हतं. शेजारच्याचा बघून आणला असणार. वर तारीख लिहिली होती, ‘तर’ लिहिला होता, मधली जागा रिकामी होती. “इथे आकडा काय टाकू?” त्यांनी विचारलं. मी मागच्या बारा महिन्यांच्या शेड्यूलची फाइल मागितली. ती सापडायला अर्धा तास गेला, तोवर दोनदा चहा झाला.