इराणचं काहेर-३१३ आणि पन्नाशीला टेकलेली फायटर जेट्स

फेब्रुवारी २०१३ मध्ये इराणचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष अहमदीनेजाद यांनी तेहरानमध्ये एका विमानाचं अनावरण केलं, नाव काहेर-३१३. पूर्णपणे स्वदेशी, रडारला जवळजवळ न दिसणारं स्टेल्थ फायटर असा दावा होता. फोटो जगभर गेले आणि काही दिवसांतच विमानातलं कळणाऱ्या लोकांनी शंका काढायला सुरुवात केली. राजकारण बाजूला ठेवून त्या शंका समजून घेण्यासारख्या आहेत, कारण त्यातून स्टेल्थ नेमकं काय असतं ते फार छान कळतं.

रडार लहरी सोडतं आणि विमानावर आपटून परत येणारा भाग पकडतं, इतकं आपल्याला माहीत असतं. परत येणारा भाग कमी केला की विमान उशिरा दिसतं, बरोबर, पण किती उशिरा? इथे हिशोब फार कडक आहे. रडारला दिसण्याचं अंतर परावर्तनाच्या चौथ्या मुळावर अवलंबून असतं, म्हणजे परावर्तन १६ पट कमी केलंत तर अंतर फक्त निम्मं होतं, आणि अंतर एक दशांशावर आणायचं असेल तर परावर्तन १०,००० पट कमी करावं लागतं. दहा हजार पट! म्हणून नुसता कोनेदार आकार देऊन काम होत नाही, प्रत्येक झाकणाची फट, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक कड यांचा विचार करावा लागतो. अमेरिकेचं एफ-११७ असं चपट्या तुकड्यांचं का दिसायचं, तर उफिम्त्सेव नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने मांडलेलं गणित वापरून परावर्तन काढता येत होतं खरं, पण १९७० च्या दशकातल्या कॉम्प्युटरना वक्र पृष्ठभागाचा हिशोब झेपत नव्हता. आकार गणितातून आला होता, दिसायला भारी वाटावं म्हणून नाही.

आता काहेरकडे बघा. समोरून येणाऱ्या रडार लहरींना सगळ्यात जास्त परत पाठवणारी जागा म्हणजे इंजिनाच्या तोंडाची फिरती पाती, म्हणून स्टेल्थ विमानात हवा आत घेणारा मार्ग नागमोडी करतात, पाती समोरून दिसूच नयेत. काहेरचे इनटेक वरच्या बाजूला होते आणि इतके लहान होते की फायटरच्या इंजिनाला लागणारी हवा तिथून जाणार कशी हा पहिला प्रश्न, आणि नाक वर करून जोरात वळताना विमानाचं अंगच हवेच्या आड येणार हा दुसरा. मागे इंजिनाचा जाळ बाहेर पडतो तिथे उष्णता सोसणारं कवच दिसत नव्हतं. नाक इतकं बारीक की फायटरचं रडार आत बसणं अवघड. कॉकपिटवरची काच धुरकट प्लास्टिकसारखी, खऱ्या स्टेल्थ विमानात या काचेवर विजेचं वहन करणारा अतिशय पातळ थर देतात कारण आतलं सीट, पायलटचं हेल्मेट, पॅनल हे सगळं रडारला लख्ख दिसतं. स्पीड दाखवणारा काटा ३०० नॉटपर्यंतचाच आहे असंही निरीक्षण नोंदवलं गेलं, म्हणजे ताशी साधारण ५५५ किमी, जे प्रवासी जेटपेक्षाही कमी. उडतानाचा म्हणून जो व्हिडिओ दाखवला त्यातलं विमान रिमोटवर उडणाऱ्या छोट्या मॉडेलसारखं हलत होतं. आणि दमावंद पर्वतावरून उडतानाचा जो फोटो आला त्यात विमानाचा कोन आणि त्यावरची चमक अनावरणाच्या हॉलमधल्या फोटोशी जुळत होती, म्हणजे तोच फोटो पर्वतावर चिकटवल्यासारखा.

२०१७ मध्ये सुधारित काहेर दिसलं, आता मागे दोन इंजिनांची तोंडं होती, पण ते धावपट्टीवर पळताना दिसलं, आकाशात नाही. पुढे २०२३ मध्ये हे विमान पायलटशिवाय उडेल असं सांगितलं गेलं आणि २०२५ च्या सुरुवातीला शहीद बागेरी या जहाजावर त्याच घाटाचे छोटे ड्रोन दिसले. मला यात कमीपणा वाटत नाही, उलट हेच जास्त प्रामाणिक वळण आहे. ड्रोन आणि क्षेपणास्त्रांमध्ये इराणचे इंजिनिअर खरंच पुढे आहेत, शाहेद ड्रोन सगळ्या जगाने पाहिलेत.

मग फायटर का जमत नाही? मुख्य गाठ इंजिनापाशी आहे. आधुनिक जेट इंजिनात टर्बाइनच्या पात्यांवर येणारा वायू त्या धातूच्या वितळबिंदूपेक्षाही जास्त गरम असतो, पातं टिकतं ते आतून खेळवलेल्या थंड हवेमुळे आणि एकाच स्फटिकात ओतलेल्या मिश्रधातूमुळे. हे एखादं इंजिन उघडून नक्कल करण्यासारखं काम नाही, त्यामागे भट्ट्या, चाचण्या आणि कित्येक वर्षं फुकट गेलेले नमुने असतात. आपल्याला हे चांगलंच माहीत आहे, तेजससाठीच्या आपल्या कावेरी इंजिनावरचं काम १९८० च्या दशकापासून चालू आहे आणि तेजस आजही अमेरिकन इंजिनावर उडतं. इराणने २०१६ मध्ये दाखवलेलं औज इंजिन हे एफ-५ या जुन्या अमेरिकन फायटरमधल्या जे-८५ इंजिनाच्या जातीचं आहे, मूळ डिझाइन १९५० च्या दशकातलं. २०१८ चं कौसर फायटरसुद्धा बघितल्याबरोबर एफ-५ म्हणून ओळखू येतं.

म्हणजे प्रत्यक्ष भार जुन्यांवरच राहिला. शाहने, म्हणजे क्रांतीआधीच्या इराणच्या राजाने, अमेरिकेकडून ८० एफ-१४ टॉमकॅट फायटर मागवली होती, ७९ मिळाली, १९७६ ते ७८ दरम्यान, आणि १९७९ ला क्रांती झाली. तेव्हापासून सुटे भाग अधिकृतपणे बंद. अमेरिकेच्या नौदलाने स्वतःची एफ-१४ २००६ मध्ये निवृत्त केली आणि भाग इराणला पोचू नयेत म्हणून बरीच विमानं चक्क तोडून टाकली. तरी इराणने ती इराकबरोबरच्या आठ वर्षांच्या युद्धात आणि नंतरही उडवली, कधी एका विमानाचे भाग काढून दुसऱ्याला लावत, कधी भाग घरीच बनवत. मला विचाराल तर काहेरपेक्षा कितीतरी मोठी इंजिनिअरिंगची कामगिरी ही आहे, आणि हिचं कौतुक फार कमी होतं.

पण धातूला मर्यादा असते. प्रत्येक उड्डाणात पंखांच्या मुळाशी ताण येतो, जातो, परत येतो आणि डोळ्यांना न दिसणारी भेग हळूहळू वाढत राहते. एफ-१४ चे पंख तर उडताना मागे-पुढे होतात, तो सगळा भार टायटॅनियमच्या एका वेल्डिंग केलेल्या पेटीवर असतो, ती पेटी साध्या वर्कशॉपमध्ये बनत नाही. शिवाय वायरींचं आवरण कडक होऊन तडकतं, रबराचे सील सुकतात, इजेक्शन सीटमधल्या स्फोटक काडतुसांची मुदत संपते, आणि ती मुदत पायलटच्या जिवाची असते. जून २०२५ मध्ये इस्रायलने जमिनीवर उभ्या असलेल्या एफ-१४ वर हल्ल्याचे व्हिडिओ प्रसिद्ध केले, म्हणजे आधीच मोजक्या उरलेल्या विमानांतली आणखी काही गेली. रशियाकडून २०२३ मध्ये याक-१३० आली, पण ती मुळात ट्रेनर आहेत. त्यावर शिकून तयार होणाऱ्या पायलटला पुढे बसायचंय ते त्याच्या वडिलांच्या वयाच्या विमानात.