अंधारी की गरगर? उठताना येणाऱ्या दोन चकरा

दोन्हींना आपण 'चक्कर'च म्हणतो आणि घोळ तिथेच सुरू होतो. एकीत उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी येते, पाय गळतात. दुसरीत खोली गरगर फिरते. पहिलीचं मूळ रक्ताभिसरणात, दुसरीचं कानाच्या आत.

आडवा माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पाय आणि पोटाच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परतणारं रक्त घटतं, दाब ढासळू लागतो. मानेतल्या कॅरोटिड धमनीतले आणि महाधमनीच्या कमानीतले दाबसंवेदक हे लगेच टिपतात. नाडी मिनिटाला 10 ते 20 ठोक्यांनी वाढते, रक्तवाहिन्या आकसतात. शरीरात पाणी कमी असेल, लघवी वाढवणाऱ्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्या चालू असतील, मधुमेहाने मज्जातंतू बिघडले असतील, तर ही सावरासावर अपुरी पडते.

कानाच्या चकरेत बीपीचा दोष नाही. अंतर्कर्णातले कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात आणि डोकं हललं की तिथला द्रव ढवळतात. म्हणून पडल्या पडल्या नुसती कूस बदलतानाही गरगरतं आणि बहुधा मिनिटाभरात थांबतं. हीच सगळ्यात पक्की खूण, कारण बीपीची चक्कर आडवं होताच ओसरते.

शंका असेल तर 5 मिनिटं पडून राहा, बीपी आणि नाडी मोजा. मग उभं राहून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा मोजा. वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला, तर दोष रक्तदाबाचा. दंड हृदयाच्या पातळीला आधार देऊन धरा. हात लोंबता राहिला तर आकडा खोटाच वाढतो आणि घट लपून जाते. बसून एकदाच मोजलेल्या बीपीवरून यातलं काहीच कळत नाही.

बीपी उतरत असेल तर पलंगाच्या कडेला मिनिटभर बसा, घोटे वरखाली हलवा, मगच उभे राहा. तरी अंधारी आलीच तर लगेच खाली बसा. गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. कानातले खडे जागेवर आणायला एपली पद्धतीने डोकं ठरावीक क्रमाने वळवावं लागतं. पहिल्यांदा ते जाणकाराकडूनच करून घ्या.

'चकरेची गोळी' म्हणून सर्रास घेतलं जाणारं प्रोक्लोरपेराझिन खडे हलवत नाही. उलट उभं राहताना बीपी पाडू शकतं, म्हणजे एका चकरेवरच्या औषधाने दुसरी चक्कर जडते.