गाभा आणि कवच : डिस्पर्शन पॉलिमरायझेशनमागची पार्श्वभूमी

डिस्पर्शन पॉलिमरायझेशन, म्हणजे द्रावकात विरघळलेल्या मोनोमरपासून (लहान रेणूंपासून) न विरघळणाऱ्या पॉलिमरचे (लांब साखळ्यांचे) कण बनवण्याची पद्धत, रंग उद्योगातून आली. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोटारींच्या रंगांसाठी हायड्रोकार्बन द्रावकांत पॉलिमरचे कण न साकळता टिकवायचे होते आणि त्यासाठी ग्राफ्ट कोपॉलिमरचे (एका साखळीवर दुसऱ्या प्रकारच्या साखळ्या फांद्यांसारख्या जोडलेल्या पॉलिमरचे) स्टॅबिलायझर, म्हणजे कणांना एकमेकांना चिकटू न देणारे पदार्थ, घडवले गेले. गाभा-कवच रचनेच्या (कणाच्या आत एक पॉलिमर, बाहेर दुसऱ्याचा थर) दृष्टीने मात्र खरी उलाढाल १९८०च्या दशकात, अल्कोहोलच्या माध्यमात झाली.

स्टायरीन हा मोनोमर इथेनॉलमध्ये विरघळतो, पण त्याची वाढती साखळी (पॉलिस्टायरीन) ठरावीक लांबीनंतर द्रावणाबाहेर पडते. कणांची निर्मिती अभिक्रियेच्या अगदी सुरुवातीलाच आटोपते आणि नंतर केवळ त्यांची वाढ होत राहते. त्यामुळे एक ते दहा मायक्रोमीटरचे, जवळजवळ एकसारखे कण एकाच टप्प्यात मिळतात. इमल्शन पद्धतीत (मोनोमर पाण्यात न विरघळता थेंबांच्या रूपात राहतो) दुहेरी थरांचे कण आधीपासून बनत होते, पण ते सहसा एका मायक्रोमीटरच्या आतच राहत.

घोळ आहे तो ‘कवच’ या शब्दाचा. पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन स्टॅबिलायझर म्हणून वापरले की त्याच्या साखळीवरील हायड्रोजन मूलकांमुळे (अभिक्रियेतील अतिक्रियाशील रेणूंमुळे) निघतो, तेथे पॉलिस्टायरीन जोडले जाते आणि ही ग्राफ्ट साखळी कणाच्या पृष्ठभागावर रुतून बसते. काही लेखनात या थरालाच कवच म्हटले जाते. मायक्रोमीटरभर कणावरच्या काही नॅनोमीटरच्या केसाळ थराला तो मान देणे प्रस्तुत लेखकाला पटत नाही. कवच म्हणजे दुसऱ्या मोनोमरपासून मुद्दाम वाढवलेला, स्वतःचे गुणधर्म असलेला थर, हा काटेकोर अर्थच उपयोगाचा आहे.

तो थर वाढवणेही सरळ नाही. आधी बनवलेल्या बीजकणांवर दुसरा मोनोमर घातला तरी त्याचा बराच भाग माध्यमातच राहतो, तेथे नवे कण जन्मू शकतात आणि कणांच्या आकारातील सारखेपणा बिघडतो. शिवाय कोणते पॉलिमर बाहेर राहील हे घालण्याच्या क्रमावर नव्हे, तर आंतरपृष्ठीय ताणांवर (दोन पदार्थांच्या सीमेवरील ताणांवर) ठरते. ध्रुवीय माध्यमात अधिक ध्रुवीय पॉलिमर बाहेर येऊ पाहते. गाभा घट्ट असल्यास साखळ्यांना हलता येत नाही आणि अर्धचंद्राकृती किंवा रासबेरीसारखे खडबडीत कण अडकून राहतात. क्रॉसलिंकर (साखळ्या एकमेकींना जोडणारा पदार्थ) अथवा दुसरा मोनोमर कणनिर्मितीचा टप्पा उलटल्यावरच, हळूहळू घालण्याची पद्धत याच अडचणींतून रुळली.

पुढे रॅफ्ट या, साखळ्यांची वाढ काबूत ठेवणाऱ्या, नियंत्रित पद्धतीने द्राव्य साखळीवरच अद्राव्य खंड वाढवला जाऊ लागला आणि नॅनोमीटरच्या श्रेणीतील गोळे, कृमीसारखे धागे व पोकळ पिशव्या मिळू लागल्या. येथे स्टॅबिलायझर आणि कण एकाच साखळीचे दोन भाग असल्याने वरचा घोळ पुन्हा उभा राहतो, आणि या वेळी केसाळ थराला कवच म्हणणाऱ्यांची बाजू बरीच बळकट आहे.