रंग फाईलमध्ये नसतोच!

गेल्या महिन्यात भाच्याचा फोन आला, आवाज रडवेला. कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी पायथनचा प्रोग्राम त्याने घरी नोटपॅड प्लस प्लसमध्ये (कोड लिहायचा एडिटर, शब्द रंगीत दाखवतो) लिहिला, पेन ड्राईव्हवर घेतला आणि लॅबमधल्या साध्या नोटपॅडमध्ये उघडला तर सगळं काळंच काळं. "मामा, फाईल करप्ट झाली, रंग सगळे गेले." शेजारी बसलेल्या मुलाने व्हायरस असेल म्हणून सांगितलं आणि ह्याने पेन ड्राईव्ह फॉरमॅट पण करून टाकला! मला इतकं वाईट वाटलं, कारण फाईल ठणठणीत होती, रंग त्या फाईलमध्ये कधी नव्हतेच.

वर्डच्या फाईलमध्ये फॉन्ट आणि रंगाची माहिती मजकुरासोबत सेव्ह होते, म्हणून आपल्याला तीच सवय. प्रोग्रामच्या फाईलमध्ये नुसती अक्षरं असतात, रंग एडिटर दर वेळी नव्याने चढवतो.

नोटपॅड प्लस प्लसच्या पोटात सिंटिला नावाची लायब्ररी (दुसऱ्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड) आहे, १९९९ साली नील हॉजसनने काढलेली, सोर्स कोड सगळ्यांना खुला. त्यातली फॉन्ट आणि रंग सांभाळायची पद्धत मला फार म्हणजे फार आवडते. फाईल उघडली की मजकुराच्या प्रत्येक बाईटमागे (बाईट म्हणजे आठ बिटांचा, आठ ०-१ खुणांचा कप्पा) मेमरीत आणखी एक बाईट ठेवला जातो, त्यात फक्त एक नंबर, ० ते २५५. हा झाला स्टाईल नंबर. पायथनमध्ये कमेंटला (माणसांसाठी लिहिलेली टीप) १, आकड्याला २, दुहेरी अवतरणातल्या स्ट्रिंगला (प्रोग्राममधला मजकूर) ३, कीवर्डला (if सारखा भाषेचा राखीव शब्द) ५. परीक्षेत आपण पेपरवर रोल नंबर लिहितो आणि नाव-पत्ता हजेरीपटात असतो ना, तसंच हे. २५६ ओळींचा एक तक्ता असतो आणि फॉन्ट, साईझ, बोल्ड, इटॅलिक, अक्षराचा रंग, मागचा रंग हे सगळं तिथे. थीम बदलली की लाखभर अक्षरांना हात लावायची गरजच नाही, तक्त्यातल्या ओळी बदलायच्या आणि स्क्रीन परत रंगवायचा.

"मराठी" हा शब्द यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाईटमध्ये साठवायची पद्धत) १५ बाईट घेतो (म, र, काना, ठ, वेलांटी, प्रत्येकी ३), म्हणजे कमेंटमध्ये तो लिहिला की मागे १५ वेळा १ हा आकडा बसतो.

हे स्टाईल नंबर मजकूर वाचून लेक्सर नावाचा भाग देतो. आजकाल "आमचा एडिटर एआयने कोड समजून घेतो आणि रंग देतो" अशा जाहिराती दिसतात, पण इथे समजण्याचा काही संबंध नाही. हॅशचं चिन्ह दिसलं आणि आपण स्ट्रिंगच्या आत नसलो तर ओळ संपेपर्यंत कमेंट, अशा साध्या नियमांवर हे काम कित्येक वर्षं उत्तम चाललंय.

आता फॉन्ट. तक्त्यातल्या पन्नास ओळींमध्ये एकच फॉन्ट असू शकतो. नाव पहिल्यांदा आलं की सिंटिला ते एका यादीत ठेवतो, पुढे तेच नाव आलं की नवीन कॉपी न करता यादीतल्या नावाचा मेमरीतला पत्ता देतो, त्यामुळे दोन स्टाईलचा फॉन्ट एकच आहे का हे बघायला एकेक अक्षर ताडून बघावं लागत नाही, पत्ता सारखा म्हणजे नाव सारखं. साईझ शंभरने गुणून ठेवतात, साडेदहा पॉइंट म्हणजे १०५०, जाडी साधी असेल तर ४०० आणि बोल्ड असेल तर ७००, म्हणजे सगळे पूर्णांक आणि तुलना बिनघोर. हे सगळं जुळणारा फॉन्ट आधीच तयार असेल तर ऑपरेटिंग सिस्टिमकडे दुसरा मागायचाच नाही, तोच वापरायचा. किती सुंदर काटकसर आहे ही!

रंगात मात्र एक खड्डा आहे आणि मी स्वतः त्यात पडलोय. रंग म्हणजे लाल, हिरवा, निळा असे तीन बाईट. वेबवर लाल सगळ्यात वरच्या जागी लिहितात, सिंटिलात लाल सगळ्यात खालच्या जागी आणि निळा वर. मला कीवर्ड भगवे हवे होते, लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१, वेबचा कोड तसाच चिकटवला आणि स्क्रीनवर सगळं आकाशी निळं! अर्धा तास मॉनिटरची सेटिंग बघत बसलो होतो.

अजून एक, डिफॉल्ट स्टाईलचा (वेगळं काही ठरवलं नाही तर लागणारी मूळ स्टाईल) नंबर ३२ का? कारण पूर्वी स्टाईलला बाईटमधले ५ बिटच मिळायचे (बाकी ३ अधोरेखनासारख्या खुणांना), ५ बिटांत ० ते ३१ बसतात आणि त्याच्या लगेच पुढचा ३२. नंतर पूर्ण ८ बिट मोकळे झाले पण नंबर तोच राहिला.

भाच्याला हे सगळं सांगितलं तर त्याने लगेच नुसत्या कमेंटचा फॉन्ट १६ पॉइंट करून बघितला आणि सगळ्या फाईलच्या ओळी एकमेकींपासून लांब लांब गेल्या. बरोबरच आहे, सिंटिला सगळ्या स्टाईलमधला सगळ्यात उंच फॉन्ट बघून प्रत्येक ओळीची उंची एकच ठरवतो. म्हणूनच इंग्रजी फॉन्ट निवडलेला असताना मराठी कमेंट लिहिली की कधीकधी वरची वेलांटी कापली जाते, कारण देवनागरी अक्षरं दुसऱ्याच फॉन्टमधून येतात आणि त्यांची उंची त्या हिशोबात धरलेलीच नसते. ओळीच्या वर जास्तीची जागा सोडायची सोय सिंटिलात आहे, दोन-तीन पिक्सेल वाढवले की वेलांटी पूर्ण दिसते.