चाळिशी आणि सुटलेले पोट : एक खुलासा
बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर पहाटे फिरणाऱ्यांच्या गप्पांत हमखास ऐकू येते की, चाळिशी उलटली की शरीराची ऊर्जा जाळण्याची गती मंदावते, म्हणून पोट सुटते. समजूत सोयीची आहे, पण खरी नाही. ‘सायन्स’ नियतकालिकात २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २९ देशांतील ६,४०० हून अधिक व्यक्तींच्या मोजमापांवर आधारलेल्या अभ्यासानुसार, शरीराच्या आकारमानाचा व घडणीचा हिशेब धरला असता ही गती विशीपासून साठीपर्यंत जवळपास स्थिर राहते आणि त्यानंतरच हळूहळू उतरते. बदलतात त्या सवयी : शहरातल्याच शहापूर भागात जायलाही स्कूटर निघते आणि फेरफटक्यानंतर कुंदा या दुधाच्या मिठाईची दुसरी वाटी (पहिलीबद्दल बेळगावकराला कोणी बोलू नये) पुढे ओढली जाते. वयानुसार स्नायू मात्र खरोखरच घटतात. त्यासाठी चालण्याच्या जोडीला उठाबशा हव्यात.